लागोपाठ दोन

प्रिय संजय,

पाकीट पाहून तू आधी ते उलटसुलट करशील, कुठल्या कचेरीची नोटीस आली म्हणून. नोटीस नाही, मीच आहे. फोनवर तू 'हं' आणि 'बरं' यापलीकडे जात नाहीस, आणि मला जे सांगायचंय ते मलाही फोनवर जमत नाही, म्हणून कागद घेतला. परवा बबिताचा फोन होता. म्हणाली, याडी जाऊन दीड महिना झाला, पण यांनी ट्रकच्या चाव्या खुंटीवरून काढल्या नाहीत. ताट पुढे ठेवलं की दोन घास चिवडतात आणि उठतात. आईवेगळ्या पोरासारखे दिवसभर याडीचा फोन हातात घेऊन बसतात, यांना एकटं सोडवत नाही मला. सांगताना ती रडली नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्या फोनची याडीला दोनच बटणं ठाऊक होती. एक दाबलं की तू, दोन दाबलं की मी. मी यवतमाळला होस्टेलवर होते तेव्हा बॅलन्स वाचवायला आपणच तिला शिकवलं, एकदा वाजवून कापलं की सगळं खुशाल, लागोपाठ दोनदा वाजवलं की आम्ही उलटा फोन करायचा. पुढे कॉल फुकट झाले, तरी तिने सवय सोडली नाही. रोज सकाळी सातला एक. तू चिडवायचास, याडी, दोन शब्द बोलत जा की. ती म्हणायची, "रोज रोज काय बोलू? वाजला म्हंजे मी हाव."

माझं कामसुद्धा मी तिला याच मिस कॉलवरून समजावलं होतं. बिस्मिल्लाबी बांगड्या भरायला आपल्या ओट्यावर बसली होती, तू ट्रक धूत होतास. मी म्हटलं, आभाळात एक मेलेला तारा आहे. तो स्वतःभोवती गरगर फिरतो आणि दर फेरीला आपल्या दुर्बिणीला एक मिस कॉल देतो. कधी मध्येच तासभर गप्प होतो, मग परत सुरू. तो गप्प का होतो, तेवढं मी शोधते. बिस्मिल्लाबी तोबा तोबा करायला लागली. याडीने मात्र हातातली बांगडी तशीच धरली आणि विचारलं, "मंग तो चूप बसला तं कोणी जाऊन पाह्यते का?" आपण सगळे पोट धरून हसलो होतो.

पुण्याच्या परिषदेत मी सुरुवातच तिच्या या प्रश्नाने केली. तीन वर्षांचं काम, बोलायला बारा मिनिटं, समोर देशभरातले दोनशे शास्त्रज्ञ. सगळे हसले, आणि मला फार अभिमान वाटला, तिचा की माझा कोण जाणे. मग मी माझे आलेख दाखवले. तारा गप्प दिसतो तेव्हाही तो पुरता गप्प नसतो. त्या गप्प वेळातल्या हजारो फेऱ्या एकीवर एक रचल्या की तळाशी अगदी क्षीण ठोका सापडतो. तो वाजतच असतो, ऐकणाऱ्यालाच ऐकू येत नाही. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, हे मौन ताऱ्याचंच कशावरून, तुमचं यंत्रच तेव्हा बंद असेल तर? या प्रश्नाचं उत्तर मी आठवडाभर घोकलं होतं. म्हटलं, नाही सर, आमचं यंत्र पूर्ण वेळ चालू होतं. टाळ्या पडल्या.

हे चाललं होतं तेव्हा दुपारचे सव्वाबारा होत आले होते. आपल्या वावरात कापूस वेचणीच्या बाया दुसऱ्या टोकाला जेवायला गेल्या होत्या, याडी एकटीच पऱ्हाटीत होती, आणि तिला घोणस चावली. तिने तुला दोनदा वाजवलं, मग मला दोनदा. जिवावर बेतलं तरी दर वेळी एकेक रिंग देऊन कापलाच. पूर्ण वाजू द्यावा हे तिला सुचलं नाही, आपण शिकवलं तेच तिने केलं. तू पांढरकवड्याच्या पुढे ट्रकखाली शिरून टायर बदलत होतास, फोन वर केबिनमध्ये. दीड तासाने ती लखीरामकाकांना वावराच्या कडेला धुऱ्यावर पडलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायला हवं होतं. काका आजही म्हणतात, कोणी नुसतं कळवलं असतं तर माझी मोटरसायकल दारातच उभी होती.

मी घरी पोचले तेव्हा सगळ्यांना सांगितलं, भाषण होतं, माझा फोन बंद होता. कोणी एका शब्दाने विचारलं नाही. उलट तूच माझ्या पाठीवर हात ठेवलास. "तुहा तं बंद होता बाई," तू म्हणालास. "माहा चालू होता ना." बबिता सांगते, तेवढंच एक वाक्य तू अजून दिवसभर पुटपुटत असतोस.

म्हणून हे पत्र. माझा फोन बंद नव्हता, संजय. किती मिनिटं उरली ते दिसावं म्हणून आवाज काढून मी तो समोर टेबलावर ठेवला होता. प्राध्यापक बोलत असताना त्यावर 'याडी' हे नाव उजळलं आणि विझलं. मला वाटलं, आज लेकीचा मोठा दिवस, आशीर्वाद देतेय. मग ते परत उजळलं. दोन म्हणजे काय हे मला तुझ्याइतकंच ठाऊक होतं. कळलं मला. पण समोर तो प्रश्न होता, दोनशे माणसं होती. मी फोन उपडा केला आणि म्हणाले, आमचं यंत्र पूर्ण वेळ चालू होतं. नंतर अभिनंदन करणारे आले, चहा आला. याडीला उलटा फोन मी केलाच नाही, त्याआधी तुझा आला. तू पाहिलंच नव्हतंस. मी पाहिलं होतं. हे ओझं माझं आहे, आणि दीड महिना मी ते तुझ्या डोक्यावर राहू दिलं. बबितालाही हे वाचून दाखव, आणि मग पोटभर जेव. माझं तोंड पाहायचं नसेल तर नको पाहूस. फक्त वाचून झालं की एकदा वाजव. शिव्या द्यायच्या असतील तर लागोपाठ दोन, मी उलटा फोन करीन.

तुझीच बहीण,
बाई