मूठभर माती

बडोदे, शनिवार, संध्याकाळ

शंकरचा खांदा आज आखाड्यात निखळला. खांदा दुखतोय, हे त्यानं मला सकाळीच सांगितलं होतं. तरी मी त्याला लढवलं. मी कॉलेजचा कुस्तीमास्तर, आणि यंदा कुस्तीची ढाल गेली तर तुम्हीच जबाबदार, असं प्रिन्सिपॉलसाहेब आठवडाभर बजावत होते. पण हे कारण झालं का?

मास्तरानं मूठभर लाल माती हातावर ठेवल्याशिवाय आमचा गडी कुस्तीला उतरत नाही. मी माती दिली नसती, तर तो काठावरच थांबला असता. मी दिली. वर म्हणालो, "एवढ्यानं काय होतंय?"

पाणीगेटच्या हाडवैदाकडे मीच त्याला टांग्यातून नेलं. हाडवैद गुजराती, म्हातारा, एकेकाळचा पैलवान. खांदा चाचपताच त्यानं विचारलं, "आ तो जूनी इजा छे. माटी कोणे आपी?"

माती मी दिली, हे सांगायला मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

शंकर दात आवळून म्हणाला, "मीच घेतली, काका. मास्तर नको म्हणत होते."

पैलवान स्वतःहून माती घेत नाही, हे त्या म्हाताऱ्याला काय ठाऊक नव्हतं? त्यानं शंकरचा खांदा बसवला, पट्टी बांधली. मग पाण्याचा तांब्या उचलला. मला वाटलं, शंकरला देतोय. पण त्यानं तो माझ्यापुढे धरला.

"हाथ धोई लो, मास्तर."

माझे तळवे अजून लालच होते. शंकर बघत होता आणि मी मुकाट्यानं हात धुतले.