तोहिरच्या नावावरचा शिक्का

येकातेरिनबर्ग, ता. २ मार्च

ती. गुलचेहरा अपास,
सा. न. वि. वि.

आपल्या थोरल्या भावाला, तोहिरअकाला, जाऊन एप्रिलात वर्ष होईल. त्याच्या दुव्याला, सगळे प्रार्थनेला जमतील तेव्हा, यायला मला जमणार नाही. शेजारणी म्हणतील, दोन-दोन पासपोर्टवाला साहेब आईला विसरला. म्हणू देत. रशियन पासपोर्टवर सैन्यात हजर होण्याचा हुकूम निघालाय, त्यामुळे देशाबाहेर जाता येत नाही. ताजिक पासपोर्टची मुदत संपली. अका ज्या इमारतीवरून पडला, तिच्यासमोरूनच रोज कामाला जातो. आता तिथे लोक राहायला आलेत. आईला सांग, मी नीट जेवतो.

धाकट्या भावावर माया आहे तशीच राहू दे.
तुझा मेहरोब

इस्फरा, ता. ११ एप्रिल

चि. मेहरोबला अनेक आशीर्वाद.

काल मोहल्ल्याचा मुखिया आला. म्हणाला, मुबारक, तुमचा तोहिर आला की! पाच तारखेला सरहद्दीवर त्याच्या पासपोर्टवर शिक्का बसलाय, मग नोंदणीला का येत नाही? मी म्हटलं, भाऊ वर्षापूर्वीच गेला, तिकडेच पुरलाय. तर म्हणे, मेला तो रशियन कागदावरचा शोदमोनोव. आमच्या ताजिक कागदांत त्याचं आडनाव शोदमोनझोदा लिहिलंय, आणि तो जिवंत आहे.

आईनं सगळं ऐकलं. तिनेही परवा गल्लीच्या टोकाला जर्दाळूखाली कुणीतरी उभं असलेलं पाहिलं होतं. खांदे अगदी तोहिरचे, म्हणते. मी तेव्हा धावत गेले, तर कुणीच नव्हतं. खाली पडलेला मोहर मात्र तुडवलेला होता. आई आता फाटकाला कडी लावू देत नाही. मेहरोब, मला या घरात भीती वाटायला लागलीय. लगेच लिही.

तुझी अपा

खुजंद, ता. १८ एप्रिल

ती. अपास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा फोटो येकातेरिनबर्गच्या खोलीवरच्या मित्रानं पाठवला. अपा, तो मीच होतो.

अकाच्या सामानातला ताजिक पासपोर्ट मी ठेवून घेतला होता; दुव्याला यायचंच म्हणून तोच घेऊन निघालो. आम्ही दोघं एका साच्यातले, तूच चिडवायचीस. सरहद्दीवरच्या शिपायानं फोटो पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाला, ये तोहिर, आलास घरी. मी हो म्हणालो.

झाडाखाली आलो तेव्हा आई फाटकात आली. तिनं हाक मारली, पण तोहिरला. मी पुढे झालो असतो तर तिचा तोहिर पुन्हा मेला असता. म्हणून पळालो. इथे मित्राच्या दुकानामागे राहतोय. कुणी तोहिर म्हटलं की आता मी ओ देतो. काय करू, सांग.

तुझा मेहरोब

इस्फरा, ता. २१ एप्रिल

चि. मेहरोबला खूप खूप आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती गाजरं चिरत होती, चिरतच राहिली. मग म्हणाली, मुखियाकडे आपण तिघं जाऊ, खरं ते सांगू, होईल ती शिक्षा होऊ दे. मी तिला समजावलं, की तो पासपोर्ट दिला म्हणजे तोहिर इथल्या कागदावरही मरेल. ती म्हणाली, ठाऊक आहे मला.

पत्र मिळताच ये. तिचं एकच सांगणं आहे. गुपचूप आत शिरू नकोस. फाटकाबाहेर थांब, तुझं स्वतःचं नाव मोठ्यानं सांग, आणि ती ओ देईपर्यंत पाऊल टाकू नकोस.

आम्ही दोघी वाट पाहतोय.
अपा