दोष गादीचा नाही

४ सप्टेंबर

आजही खाली झोपला. दुकानात, नमुन्याच्या गाद्यांवर! वर बायको, मुलगी, पलंग, सगळं असताना. कारण विचारलं तर म्हणे पहाटे फोमची गाडी येते. गाडी लग्नाआधीपासून येते. तेव्हा नाही कधी हा खाली झोपला!

खरं कारण मला माहीत आहे. मागच्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, बाळंतपणातले टाके भरलेत, आता नेहमीसारखं राहायला हरकत नाही. मी दवाखान्याच्या जिन्यातूनच ह्याला फोनवर सांगून टाकलं. दोघांना कोण आनंद! आणि मग ऐन वेळी — आई गं! चाकू फिरवल्यासारखं झालं. मी किंचाळले, ह्याला लाथ बसली, हा पलंगाखाली, भोपळा (आमची मुलगी, डोकं पाहिलं की नाव पटतं) जागा होऊन बोंबलायला लागला, आणि दाराबाहेर सासूबाई — कोण पडलं?

"मी पडलो," हा म्हणाला. खोटं नव्हतं.

तेव्हापासून हा खाली.

६ सप्टेंबर

ह्याच्यासाठी मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. बाबांना तोंडावर सांगितलं, लग्न करीन तर त्या गादीवाल्याशीच. आणि आता तो गादीवाला माझ्याजवळून असा जातो, जणू मी नुकताच रंगवलेला बाक आहे!

बाळंतपणात हा आत उभा होता. सगळं पाहिलं ह्याने. मन उडालं असणार. आरशात पाहिलं — पोट अजून रिकाम्या अभ्र्यासारखं लोंबतंय.

आणि माझं नशीब असं, की माझं मन काही उडत नाही. केसांत फोमचा भुगा घेऊन जेवायला बसतो आणि मला अजूनही पहिल्या भेटीसारखं होतं. काल वाढताना ह्याचा हात लागला, तर अंगावर दूध आलं! कुर्ता ओलाचिंब. सासूबाई म्हणाल्या, पोरीला भूक लागली असेल बघ.

पोरीला!

७ सप्टेंबर

ह्याच्याशी बोलणार नाही. संपलं.

८ सप्टेंबर

बोलले. राहवलं नाही. दुपारी दुकान बंद असताना भांडायलाच खाली उतरले. वाक्यं जिन्यात पाठ केली होती.

बघते तर हा जमिनीवर, गळ्यात टेप, भोवती तीन फाडलेल्या गाद्या. एकीत मधोमध खळगा कापून मऊ स्पंज भरत होता. हे काय, विचारलं. मान वर न करता म्हणाला, पलंगावरची गादी कडक आहे, तुला खालून टोचलं असणार. रोज एक बनवतो आणि स्वतः झोपून बघतो, पण अजून जमली नाही.

ह्या घराचं हे असंच आहे. सासऱ्यांना खोकला झाला — गादी बदला. शेजारच्यांचं पटत नाही — गादी फार मऊ असणार. पिढ्यान् पिढ्या ह्यांनी जगाचं प्रत्येक दुखणं गादीवर ढकललंय. पण हेसुद्धा?

मला हसू आलं, मग रडू आलं. पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "मला वाटलं, मी तुला नकोशी झाले."

"वेडी का तू," हा म्हणाला. "तू ओरडलीस ना, तो आवाज कानातून जात नाही. हात लावायचीच भीती वाटते मला."

मग त्याच फाडलेल्या गादीवर आम्ही बराच वेळ बसून राहिलो. नाकात भुगा गेला.

१० सप्टेंबर

नवी गादी वर चढवली. सासूबाईंनी दाबून पाहिली, लेकाचं काम म्हणून कौतुक केलं. कशासाठी बनवली ते कोण सांगणार!

दुपारी त्या भोपळ्याला घेऊन गच्चीवर गेल्या. आम्ही प्रयोग केला. पुन्हा तेच. मी रागाने ओरडले, "दोष गादीचा नाहीये! मला दुखतंय, मला!"

खिडकी उघडी होती. खाली दुकान उघडायची वाट बघत गिऱ्हाईक उभं होतं. न घेताच गेलं.

संध्याकाळी सासूबाई दुपटी घडी करताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाईला दुखतंच. सवय होते."

माझं डोकं सणकलं. म्हटलं, चप्पल चावली तर आपण चप्पल बदलतो ना? की पायाला सवय लावतो? त्या घडी केलेलं दुपटं उलगडून पुन्हा त्याचीच घडी करत बसल्या.

१२ सप्टेंबर

दवाखान्यात जाऊन आले. मागच्या वेळी सासूबाई शेजारी होत्या, म्हणून सगळ्याला 'ठीक आहे' म्हटलं होतं. आज ह्याला घेऊन गेले आणि काहीही राखून ठेवलं नाही.

डॉक्टरबाईंनी विचारत विचारत, सावकाश तपासलं. टाके चांगले भरलेत. पण अंगावर पाजताना आत कोरडं पडतं. त्यात एकदा दुखलं की पुढच्या वेळी स्नायू आधीच आवळून धरतात, मुठीसारखे. बऱ्याच जणींचं होतं, कुणी बोलत नाही. वंगणासाठी जेल लिहून दिलं, शेजारच्या खोलीतल्या व्यायामवाल्या बाईंकडे पाठवलं. घाई नको, सगळं एकाच दिवशी पार पाडायचा हट्ट नको. मग चष्मा काढून म्हणाल्या, "दुखलं तर थांबायचं. सहन करणं हा उपचार नाही."

हा इतका वेळ गंभीरपणे ऐकत होता. मला वाटलं, आता काहीतरी मोलाचं विचारेल. विचारलं काय, तर टाक्यांना दोरा कुठला वापरला?

विरघळणारा, बाई म्हणाल्या.

"आमच्याकडे चालला नसता," हा म्हणाला.

१३ सप्टेंबर

औषधवाल्याने जेल कागदात गुंडाळलं, पिशवीत घातलं, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली. आणि आमचा हा, दुकानदारच शेवटी — सगळ्यांदेखत विचारतो, घाऊक घेतलं तर काही कमी होईल का!

२१ सप्टेंबर

व्यायाम म्हणजे उताणं पडायचं, श्वास घ्यायचा, सोडताना खालची मूठ सैल सोडायची. ऐकायला सोपं. मी जन्मात काही सैल सोडलेलं नाही!

सासूबाई दारात उभ्या. पडून पडून कसला व्यायाम? लाजायचं नाही असं ठरवलंच होतं, सगळं सांगितलं. वाटलं, पाठ फिरवून जातील. गेल्या नाहीत.

५ ऑक्टोबर

दुकानाला सुट्टी. भोपळा आजीबरोबर बागेत. घरात आम्ही दोघंच.

मध्येच मी थांब म्हटलं. थांबला. नुसते पडून गप्पा मारल्या, त्या दोऱ्यावरून हसून हसून पोट दुखलं. मग मीच म्हटलं, चल.

दुखलं नाही!

दुखलं नाही, दुखलं नाही, दुखलं नाही!

नवी गादी केव्हाच दुकानात परत गेली होती. ही जुनीच होती.

७ ऑक्टोबर

उद्या व्यायामवाल्या बाईंकडे जायचंय. सासूबाई म्हणाल्या, मीही येते. मला वाटलं, भोपळ्याला धरायला. म्हटलं, कशाला, हा येतोय की.

"त्याला घरी ठेव. मला दाखवायचंय."

काय दुखतं, विचारलं. त्या दाराची कडी धरून उभ्या राहिल्या.

"तेच गं. तुझा नवरा जन्मला तेव्हापासून."