धाकटीला सांगितलेले अर्थ

३ जून
सासूबाईंनी आज जाहीर केलं — बँकेची परीक्षा दोघींनी द्या, पण नोकरी एकीनंच करायची. दुसरीनं घरात राहून सासऱ्यांचं अंथरूण बघायचं. म्हणजे मी किंवा अंकिता. मला पुढच्या वर्षी वय आडवं येतं. धाकटी जाऊ अवघी चोवीसची, तिला कसली घाई? पण नाही, बाईसाहेबांना यंदाच बसायचंय!

४ जून
अंकिता कोन गावच्या मराठी शाळेत शिकलेली. अवघड इंग्रजी शब्द घेऊन ओट्याशी येऊन उभी. टॅसिटर्न म्हणजे काय? मी भाजी परतत होते. तोंडातून निघून गेलं — बडबड्या. खरा अर्थ मितभाषी. तिनं मान डोलावली, लिहून घेतलं. मला वाईट वाटायला हवं होतं. अजिबात वाटलं नाही.

१२ जून
पार्सिमोनिअस म्हणजे कंजूष. तिला सांगितलं, उदार. अ‍ॅक्रिमनी — गोडवा. कसला गोडवा, कडवटपणा! मोबाईलवर का बघत नाहीस, असं मुद्दामच विचारलं. तर म्हणे, तुम्ही सांगितलेलं डोक्यात राहतं. राहू दे.

१३ जून
तिच्या पिवळ्या मार्करचासुद्धा राग येतो.

२ जुलै
सासूबाई शेजारणीला सांगत होत्या — अख्ख्या करंजाड्यात अशी जाऊ मिळायची नाही, थोरलीचं मन मोठं. मोठ्या मनाचा म्हणजे मॅग्नॅनिमस. कालच मी अंकिताला त्याचा अर्थ सांगितलाय, कोत्या मनाचा! हसू आवरेना. पोळी करपली.

२५ ऑगस्ट
परीक्षा झाली. माझं इंग्रजी झकास, गणितात थोडी गडबडले. अंकिताला विचारलं, तर पेपर बरा गेला म्हणाली. बरा! निकाल लागला की कळेल.

९ ऑक्टोबर
अंकिता पास. मी नाही. गणितानं घात केला.
तिला जमलं कसं? तुक्का लागला, दुसरं काय! असल्यांचेच लागतात. सासूबाई आत्तापासूनच मला औषधांच्या वेळा समजावतायत.

१० ऑक्टोबर
पेढे वाटले. सासूबाईंनी अंकिताला सगळ्यांदेखत माझ्या पाया पडायला लावलं, शिकवलं म्हणून. वाकली तेव्हा फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "ताई, तुमी सांगितल्याच्या उलटं निवडत गेले. येक बी चुकला नाय."
मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सगळे बघत होते.