कपड्यांतून झटकलेलं मीठ

३, सोमवार
सामान सुखरूप पोचलं. हमाली चाळीस, दोन बादल्या नव्वद, टब दीडशे (घासाघीस करून). कातड्यांच्या गोदामामागेच घर. खोल्या तीन, उजेड भरपूर. यांना नोकरी दादाच्या शब्दावर मिळाली. नऊ वर्षं इथलं मीठ मोजायचं काम त्याच्याकडेच होतं. आमच्या चिमणीने तिन्ही खोल्यांतून दोरीच्या उड्या मारल्या. देवाची कृपा.

५, बुधवार
हे दिवसभर कातड्यांना मीठ चोळतात. संध्याकाळी कपडे झटकले की वाटीभर खाली पडतं. टाकवेना. चाळून, वाळवून बरणीत भरलं. स्वयंपाकाला महिनोनमहिने पुरेल. यांना सांगितलं नाही; उगाच नाक मुरडतील.

१३, गुरुवार
चिमणी दोरीत अडकून पडली. म्हणते, गुडघे वाकत नाहीत. शाळा बुडवायची नाटकं, म्हणून हे हसले. हसताना गालाला घडी पडली, ती जेवणं झाली तरी तशीच.

१५, शनिवार
मुकादम आले होते. बरणीकडे बघून विचारलं, मी खरं ते सांगितलं. वहिनी, काटकसर करावी पण माणसानं किती, म्हणाले आणि बरणी माझ्यापासून लांब सरकवली. मग म्हणाले, कातडीत मुरलेलं मीठ पुन्हा कातडीच शोधतं. बेताचं असलं तर कातडं हवं तसं वाकतं, जास्त झालं की फळी. नुसत्या पाण्यात मऊ पडतं, मग सुटतं. बेताचं म्हणजे किती, विचारलं. ते तुमच्या दादाच्याच हाताला ठाऊक, म्हणाले. चहासुद्धा न घेता गेले.

१६, रविवार
बरणी ओतून दिली. चिमणीला टबात साध्या पाण्यात बसवलं. तासाभरात गुडघे वाकले. पुसताना टॉवेलला थोडी कातडी आली. दुखत नाही म्हणते. रडली नाही. मीही नाही.

१७, सोमवार
पाण्यात दोन मुठी मीठ टाकून पाहिलं. उभी केली तशीच उभी राहिली. पुन्हा साधं पाणी. हे सकाळपासून खुर्चीत. भरवायला गेले तर चमचा दातांवर वाजतो.

१८
देवापुढे हात जोडायला गेले. बोटं — सुई टोचून पाहिली. काही नाही.

दादा, हेच पान फाडून तुला पाठवते. एका बादलीला किती मुठी? तेवढंच सांग. चिमणी पाण्यात आहे. छान वाकते. पण धरायला गेलं की तिचा हात — म्हणून धरत नाही. बाहेर काढली तर फळी — उलट टपाली कळव. किती मु