नव्या डांबराचा उतार

मु. वाघदरी, ता. जालना
१४ नोव्हेंबर १९७९

प्रिय कडूबास, बद्रीनाथचा सप्रेम जयभीम.

इकडे माणसं, गुरं आणि सायकल, सगळ्यांची तब्येत ठीक आहे. तुझी, वहिनींची आणि लेकरांचीही ठीक असेल असं धरून चालतो, कारण तीन वर्षांत मी कधी विचारलेलं नाही. अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस. फाडायचंच असेल तर पुरतं वाचून फाड.

आधी इकडची हालहवाल. ऑक्टोबरची छाटणी होऊन वेलींना वीतभर फूट आलीय. खिंडीपलीकडे दोन नव्या द्राक्षबागा झाल्या, दोन्ही अनाबेशाही जातीच्या. म्हणजे आता माझ्याकडे फवारणीला सात बागा, आणि सातही टेकड्यांवर अशा विखुरलेल्या की एकीतून दुसरी दिसते पण पोचायला तास लागतो. सकाळी पंप कॅरिअरला बांधायचा, मोरचुदाची पिशवी हँडलला अडकवायची आणि निघायचं.

सायकल तीच आहे. पूर्वी एकानं पायडल मारायचं, दुसऱ्यानं पंप पाठीवर घेऊन मागे बसायचं, आणि खिंडीच्या चढावर दोघांनी उतरून ढकलताना कोण जास्त दमला यावर भांडायचं. त्या भांडणात तू दर वेळी हरायचास, कारण तुला खोटं बोलता यायचं नाही. आता चढावर मी एकटाच उतरतो. वर पोचलो की दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव दिसतात आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मैलामागून मैल नुसता चेनचा आवाज. परवा सवयीनं मागे न बघताच म्हणून गेलो, "उतर रे आता." मग माझं मलाच कसंतरी झालं. घरचे म्हणतात, दुसरा जोडीदार घे. घेत नाही. फार एकटं वाटतं कडूबा, तरी घेत नाही.

खिंडीपलीकडचा उतार मी आता ब्रेक दाबून उतरतो. कधी कधी तर सायकल हातात धरून चालतच जातो. लोक हसतात. त्याचं कारण सांगायलाच हे पत्र काढलंय, पण आता निघायला हवं. बाकीचं उद्या.

१५ नोव्हेंबर

काल चार ओळी लिहायला बसलो आणि सायकलीचं पुराण लावलं. आज मुद्द्याचं लिहितो.

गेल्या आठवड्यात साळूमावशी खिंडीच्या पायथ्याशी भेटली. तुझी आई रस्त्यात दिसली की मी घाईत असतो, हे तिला आता पाठ झालंय. या वेळी तिनं हँडलच धरलं. म्हणाली, "बद्री, कडूबाला जालन्यापाशी एका बागवाल्यानं बोलावलं व्हतं. कारखाना सोड, माझी बाग सांभाळ म्हणला. तर हा न्हाई म्हणून आला. माझ्या हाताला यश न्हाई म्हणतो. तू त्याच्या संगं व्हतास, तू सांग, तवा त्याच्या हातून चूक झालीच कशी?"

मी म्हणालो, "मावशी, जल्दी आहे, बाग खोळंबली." खिंडीपर्यंत सायकल ढकलत नेली आणि वर जाऊन बसलो. त्या दिवशी एकाही बागेत गेलो नाही.

कडूबा, तुझ्या हातून चूक झालीच नव्हती.

तो दिवस आठव. आमच्या मच्छिंद्रकाकांच्या बागेत केवडा रोगावर औषध मारायचं होतं. मोरचूद तू मोजून दिला होतास. चुना विरवून पिंपात मिसळायचं काम माझं, आणि पंप तुझ्या पाठीवर. शेवटच्या पिंपाला चुना कमी पडला. दिवाळीला घराच्या भिंती रंगवून उरलेला चुना मी पोत्यात घालून आणला होता, महिनाभर हवा लागून मेलेला. तोच टाकला. तू ओळीतून ओरडून विचारलंस, "विळा बुडवून पाह्यला का रं?" मी म्हणालो, "पाह्यला. बिलकुल साफ."

विळा मी बुडवलाच नव्हता. तो विहिरीपाशी राहिला होता, पन्नास पावलांवर. बुडवला असता तर पात्यावर तांबूस थर चढला असता आणि चुना कमी पडलाय, हे औषध पानं जाळणार, हे तिथंच कळलं असतं. ही परीक्षा तूच मला शिकवली होतीस. मग पन्नास पावलं मी का गेलो नाही? बहात्तरच्या दुष्काळात आपण ज्या रस्त्याची खडी फोडली, त्यावर आदल्या दिवशी डांबर पडून रोलर फिरला होता. दिवस मावळायच्या आत मला त्या नव्या उतारावरून सायकल सोडायची होती. एवढंच. यापेक्षा मोठं कारण तीन वर्षं शोधतोय, ते नाहीच.

तू एकटा उरलेली बाग फवारत राहिलास आणि मी हात सोडून उतार उतरलो. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. तो अजून आठवतो, याचीच सगळ्यात लाज वाटते.

तीन दिवसांनी बागेची खालची बाजू करपली. काकांनी चार माणसांसमोर सांगून टाकलं की कडूबानं बाग जाळली. चुना कोणी घातला, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. मी काकांच्या घरातला आणि तुझी वस्ती गावाबाहेरची, त्यामुळे विचारायची कोणाला गरजच वाटली नाही. तू मात्र मला बाजूला घेऊन विचारलंस, "चुना बराबर व्हता ना?" मी मान डोलावली. तू म्हणालास, "मंग मोरचूद मीच जादा मोजला असल." दुसऱ्या दिवशी मावशीनं तुला काकांचे पाय धरायला लावले. मी तिथंच उभा होतो. त्यानंतर तुला एकाही बागेचं बोलावणं आलं नाही आणि महिन्याभरात तू जालना गाठलंस. माझ्या सातांपैकी पाच बागा तुझ्या आहेत.

काल पत्र अर्धं ठेवून मी काकांच्या बागेत गेलो. डहाळ्या बांधायला सहा-सात माणसं होती. त्यांच्यासमोर सगळं सांगितलं. काका आधी हसले. मग जवळ येऊन म्हणाले, "तीन सालांनी हे कामून सांगून राह्यला? झालं ते झालं. आपल्या घराचं नाव जाईल, गप बस." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्यानं. संध्याकाळपर्यंत तीन बागांचे निरोप आले की येऊ नको. वाईट वाटलं. तुला आता खोटं कशाला सांगू.

काकांच्या बागेतून मी थेट तुमच्या घरी गेलो होतो. मावशी ज्वारी पाखडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं शिव्या देईल, दोन थोबाडात मारील, आणि खरं म्हणजे मी त्यासाठीच गेलो होतो. तिनं सूप मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "मी माझ्याच लेकराला त्याचे पाय धरायला लावले रे." उठून दारापर्यंत आलो तेव्हा तिनं हाक मारली. "त्याला लिही. माझंबी लिही. म्हणावं, तुझ्या मायनं तुला इचारायच्या आधी लोकांचं ऐकलं."

तिचं म्हणणं लिहिलं, जसंच्या तसं.

मी माफी मागत नाही. मागितली तर तू देऊन टाकशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि मला ती इतक्या सहज मिळायला नको. पण त्या बागवाल्याकडे जा. उद्याच जा, त्यानं दुसरा माणूस बघायच्या आत. तुझं माप कधीच चुकलं नव्हतं. तुझ्या हाताला यश होतं आणि आहे, हे मी इथं लिहून देतो. हा कागद त्याला दाखव, कारखान्यात दाखव, तुला वाटेल त्याला दाखव.

खाली "तुझा मित्र" असं लिहून मी खोडलंय. खोडलेलं तुला वाचता येईल. ते तसंच ठेवायचं की पुन्हा लिहायचं, हे आता माझ्या हातात नाही.

बद्रीनाथ