पाच नावांची पाटी

शुक्र., ८ नोव्हें. ९६, मनखूल, दुबई
सकाळी सावंतवाडीला अक्काला फोन. नेहमीसारखी एकेकाची चौकशी. अक्काचे गुडघे? "आसत जागेर." भावोजींचा दमा कमी, पण विडी लपून चालूच. बाळूची कावीळ उतरली. सुमनला सातवा लागला, तब्येत ठीक. म्हशीचं विचारायला विसरलो तर अक्कानंच टोकलं, म्हैसही बरी. मग तिनं माझी साखर विचारली. म्हटलं, गोड आहे. शिव्या खाल्ल्या.
इकडे सगळे ठणठणीत. प्रकाश ऑफिसच्या नादात, सूनबाई वैशाली तिच्या भिशीच्या, नात सायली टीव्हीच्या. बासष्टाव्या वर्षी सुटी म्हणजे आढ्याकडे बघत बसणं. उद्या काम आहे, बरं आहे.

शनि., ९
अल क्वोजला, आमच्या पाट्यांच्या कारखान्यात, नवं काम. मालक अब्बासशेठ एका गोऱ्याला घेऊन थेट माझ्या टेबलापाशी. नाव हार्लो. इथल्या गोऱ्यांचं जुन्या विमानांचं मंडळ आहे, त्याचा सेक्रेटरी. दुसऱ्या लढाईत पडलेली ब्रिटिश बॉम्बर विमानं आणि त्यांत मेलेली माणसं यांच्या याद्या करतात. एक बॉम्बर इथल्याच पूर्वेकडच्या डोंगरात पडलं होतं. तिथं दगड उभा करणार, त्यावर पितळेची पाटी. पाच नावं. मशीनची नको, हातानं कोरलेली हवी, म्हणून मी.
शेठ: "चाचा का हाथ देखिए साहब, मशीन शरमाती है." गोरा दिसला की शेठच्या तोंडातून मध गळतो. एरवी "चाचा, चष्मा बदलो."
हार्लो फाइल ठेवून गेला. उशीएवढी जाड.

मंगळ., १२
फाइल चाळतोय. मी इंग्रजी शाळेत शिकलो नाही. पाट्या रंगवता रंगवता अक्षरं आधी हाताला आली, अर्थ मागाहून. त्यामुळे सावकाश वाचतो, पण एकही शब्द सोडत नाही.
काय तो अभ्यास! दोन्ही इंजिनांचे नंबर. चाकाचं रबर कुठल्या कारखान्यातलं. पंख्याचा तुकडा सापडला त्याचं वजन. हार्लोनं सख्ख्या आईची एवढी काळजी घेतली असेल असं वाटत नाही.
मेलेली पोरं मात्र पोरंच. वैमानिक बावीस वर्षांचा. मागे बंदुकीवर बसणारा एकोणीस. त्यांच्यावर कसला राग? त्यांच्याही आया दाराशी बसल्या असतील.
शेवटून तिसऱ्या पानावर पेन्सिलीनं, बारीक: 'अधिक एक हिंदी फिटर. क्रू नव्हे.' संपलं. चाकाच्या रबराला अर्धं पान आणि माणसाला अर्धी ओळ. तीही खोडता येईल अशी.

गुरु., १४
हार्लो अक्षरांचा नमुना बघायला आला. विचारलं, "साहेब, सहावा?"
"ओ, ही वॉज अ पॅसेंजर, मिस्टर नाना. आमची यादी क्रूची."
पॅसेंजर! जसा काही तिकीट काढून हवा खायला गेला होता.
ह्याच्याच फाइलमध्ये त्या तळावर नोकरी केलेल्या एका म्हाताऱ्या गोऱ्याचं पत्र आहे. साफ लिहिलंय: इंजिन उघडून पुन्हा बसवलं की पहिल्या चाचणीला ज्यानं काम केलं त्या फिटरनंही विमानात बसायचं, अशी आमच्याकडे रीत होती. त्या दिवशीही आमचा हिंदी फिटर बसला. हार्लोनं ह्या पत्रावर पिवळ्या पेननं रेघ मारलीय. कशावर? इंजिनाच्या नंबरावर.
आम्हीही तेच करायचो. मोठा बोर्ड चढवला की क्रेन सोडताना खाली कोण उभा राहणार? ज्यानं नट आवळले तो. मी पंचवीस वर्षं उभा राहिलोय. मला कुणी पॅसेंजर म्हणून बघावं.

रवि., १७
पाटी आखली. पाच नावं, सहा ओळी. चौथ्या-पाचव्यामध्ये एक रिकामी.
शेठ: "चाचा, ये जगह?"
"हवा आने के लिए."
शेठला वाटलं डिझाइन आहे. मान हलवून गेला.

शुक्र., २२
दगडाची मापं घ्यायला डोंगरात गेलो. गाडी प्रकाशची, तोंड वाकडं तेही प्रकाशचंच. हार्लो त्याच्या जीपमधून पुढे, टोपी, दुर्बीण, पाण्याचे तीन कॅन. चंद्रावर निघाल्यासारखा.
वाडीवर सालेमबाबा म्हणून म्हातारा अरब भेटला. विमान पडलं तेव्हा दहा-बारा वर्षांचा होता. मुंबईच्या व्यापाऱ्यांत राहून हिंदी शिकलेला. खजूर, कहवा, सगळं आधी. मग सांगितलं. ह्याच्या बापानं आणि गावकऱ्यांनी सगळ्यांना पुरलं. पुढे गोरे आले, पाच जणांची हाडं पेट्यांत घालून नेली. "एक नफर, एक आदमी, बाकी था. बोले, वो हमारा नहीं."
"मग?"
"मग काय? आमच्या माणसासारखाच झोपवला होता, तसाच राहू दिला. मेलेल्याला विचारणार कोण, तू कुठला?"
हार्लो तेव्हा दगडाचा कोन मोजत होता.
बाबाच्या पाण्याच्या पंपापाशी एक जुना पाना लटकत होता. विमानातला. इतकी वर्षं तो पंपाचे नट त्यानंच सोडतो, आवळतो. हार्लो म्हणाला, त्याचा फोटो फाइलमध्ये आहे, 'दांड्यावर स्थानिक टोळीची नक्षी'.
मी पाना हातात घेतला. सदऱ्याच्या टोकानं तेल पुसलं, उन्हात आडवा धरला. कसली टोळी आणि कसली नक्षी! छिन्नीनं पाडलेली आपली अक्षरं. दे. गो. मेस्त्री, कुडाळ. ळ पाडताना छिन्नी घसरलीय, एक वेटोळं मोठं, एक लहान.
आपल्यात कुठलाही कारागीर आपल्या हत्यारावर नाव पाडतो. माझ्या छिन्न्यांवरही आहे. आणि ह्या दीडशहाण्यांनी मोजपट्टी ठेवून, रंगीत फोटो काढून, माणसाचं नाव नक्षी म्हणून लावून टाकलं.
 परतताना प्रकाशनं मला न विचारता गाडी बाबानं सांगितलेल्या कबरीकडे वळवली. साधे दगड, डोक्याशी एक, पायाशी एक. दोघांनी चपला काढल्या. वाळू तापलेली.

शनि., २३
अक्काला फोन. कुडाळात मेस्त्र्यांच्या घरी चौकशी कर म्हटलं, दे. गो., लढाईत गेलेला. "तुका कित्याक व्हये रे हे धंदे?" पण करणार. तिला राहवायचं नाही.
हार्लोला फोनवर सांगितलं, ती नक्षी नव्हे, नाव आहे, पाटीवर घ्या. "फॅसिनेटिंग!" मग विचारतो, पान्याची लांबी घेतली का?

सोम., २५
जेवताना वाद. प्रकाश म्हणतो, "बाबा, पटतंय मला. पण शेठशी वाकडं नको. व्हिसा त्याच्याकडे आहे. त्यानं एक सही केली की तुम्ही सावंतवाडीत."
म्हटलं, "तिथं म्हैस तरी आहे, माणसासारखी वागते."
सायली: "बट आजोबा, इट्स जस्ट अ नेम."
वैशालीनं तिच्याकडे असं बघितलं की पोरगी ताट घेऊन उठली.  तिच्या वयात मला तरी काय कळत होतं.

शुक्र., २९
अक्काचा फोन आला. तिनं केलेला, म्हणजे मोठी गोष्ट.
देवू गोपाळ मेस्त्री. बायको आणि रांगती मुलगी ठेवून विमानतळाच्या कामाला गेला. काही महिने मनिऑर्डर, मग बंद. सरकारचा कागद नाही, तार नाही. गावानं कागदाची वाट पाहिली नाही. त्यांनी स्वतःच ठरवलं: अरबस्तानात दुसरी केली, पळाला. झालं. कुडाळच्या ओट्यांवर बसून अरबस्तान दिसतं ह्या लोकांना! बायको मरेपर्यंत कुंकू लावत राहिली, त्यावरूनही हसले. ना सवाष्ण म्हणून बोलावलं, ना विधवा म्हणून दया केली. मुलीचं लग्न चार ठिकाणी मोडलं. पळपुट्याची पोर.
मुलगी आहे. सुलभा, पंचावन्नच्या आसपासची, सासर कणकवलीला. अक्का स्वतः बस पकडून गेली. गुडघे तसले असून. सगळं सांगितलं. बाई तांदूळ निवडत होती. ऐकून म्हणाली, "त्या माणसाचा नाव आमच्या घरात कोण घेणत नाय." आणि सूप घेऊन आत गेली.
अक्का फोनवर रडली. मग म्हणाली, "तू कित्याक उकरलंस?"
हार्लोचा तिरस्कार करणं सोपं होतं. आज दिवसभर स्वतःकडे बघतोय. मी तरी काय केलं? मोठा नावं वाचणारा. त्या बाईला विचारलं होतं का?

मंगळ., ३ डिसें.
काल नॅशनल डे, सुटी. आज हार्लो सहाव्या नावाबद्दल मंडळाच्या कमिटीचं उत्तर घेऊन आला. वाचूनच दाखवलं. हत्यार कुणाचंही असू शकतं. स्टोअरमधून उचललेलंही. म्हणजे मेलेला वर चोरही! घरच्यांकडचा पुरावा आला तर 'विचार करू'. पाटी ख्रिसमसनंतर बसेल, तोवर मुदत.
मी म्हटलं, "साहेब, ह्या पाचांच्या घरच्यांकडून पुरावा मागितला होता का?"
तोंडाचा चंबू. मग हळू आवाजात म्हणाला, "मिस्टर नाना, मी मत तुमच्या बाजूनं दिलं. एकटा पडलो."
हे मात्र मला ठाऊक नव्हतं. चहा मागवला त्याला. साखर जास्त घातली.
शेठला सगळं कळलंय. "चाचा, खलास करो, पाँच नाम, यल्ला, जल्दी." म्हटलं, मुदत आहे. "इन्शाल्ला," म्हणाला, म्हणजे त्याच्या भाषेत नाही.

बुध., ४
एकोणीस वर्षांच्या पोराचं नाव आज कोरलं. हात हलू दिला नाही. ह्याच्यात त्याचा काय दोष? रिकामी ओळ तशीच आहे. पाचजण कोरून झाले, पाटी वाकडी दिसत नाही, दात पडल्यासारखी दिसते.

गुरु., ५
पत्र लिहिलं. तीन फाडली, हे चौथं. उद्या सुटी, परवा सकाळी पोस्टात. नक्कल इथं ठेवतो.

सौ. सुलभाताईंस, सा. न. वि. वि.
मी तुमच्या ओळखीचा नाही. अक्का आली होती तिचा धाकटा भाऊ. तुम्हाला न विचारता तुमच्या घरात शिरलो, त्याबद्दल आधी माफी मागतो.
तुमचे वडील पळाले नव्हते. त्यांनी एका विमानाचं इंजिन जोडलं आणि रीतीप्रमाणे त्याच्या पहिल्या फेरीला स्वतः वर बसले. विमान डोंगरात पडलं. कुणी उरलं नाही. गोऱ्यांनी आपली माणसं नेली, तुमच्या वडिलांना ठेवलं, आणि तुमच्या आईला कळवायला कागदाचा चिटोराही खर्च केला नाही. ज्यांनी कळवलं नाही त्यांच्यावर थुंका, ज्यांनी हसून घेतलं त्यांच्यावर थुंका, मीही तुमच्यासोबत आहे. वडिलांवर नको.
त्यांची कबर मी पाहिली. साधी आहे, पण कुणी हात लावलेला नाही. ज्यांनी पुरलं त्यांना त्यांचं नावगावही ठाऊक नव्हतं.
आता खरं सांगतो. हे सगळं मी एका पान्यावरच्या नावावरून म्हणतोय. मला खात्री आहे, पण माझी खात्री म्हणजे पुरावा नाही असं इथले लोक म्हणतात. तुमच्या घरी त्यांनी स्वतः नाव घातलेलं एखादं जुनं भांडं असेल, तांब्या, परात, काहीही. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो कागद मला पाठवा. कोरणाऱ्याचा हात मी ओळखतो. चुकलो असेन तर तसंही कबूल करीन.
आणि भांडं असूनही पाठवायचं नसेल तर नका पाठवू. नाव तुमचं आहे, माझं नाही. तुम्ही नको म्हणालात तर ती ओळ मी कोरी ठेवीन, कुणालाही भरू देणार नाही.
मुदत थोडी आहे म्हणून घाई करतो. एक ओळ पुरे. नको म्हणायचं असेल, शिवी द्यायची असेल, तरी लिहा, पण लवकर लिहा.